आधी विचारावे, मग औषध वाढवावे

रक्तदाबाविषयी या सदरात आपण अनेकदा बोललो आहोत. आज त्याच विषयाकडे मी एका आडवाटेने येणार आहे, आणि ती वाट एका घरातील बंद पडलेल्या इंटरनेटमधून जाते. या प्रसंगात माझ्या हातून एक चूक होता होता राहिली आणि दुसरी प्रत्यक्षात घडली. दोन्ही आपल्या उपयोगाच्या आहेत, म्हणून सांगतो.

माझ्याकडे गेली अनेक वर्षे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. वय चौऱ्याहत्तर. आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणतो. रोज सकाळी एक गोळी, मोजके मीठ, संध्याकाळी फिरणे, असा त्यांचा शिस्तीचा कारभार आणि रक्तदाबही तितकाच शिस्तीचा. त्या दिवशी मात्र तो १६८/९६ भरला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नव्हता. बाहेर रुग्णांची रांग होती. गोळीची मात्रा दुप्पट करण्यासाठी मी लेखणी उचलली. तेवढ्यात सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "डॉक्टर, कॉम्प्युटर बिघडल्यापासून यांना झोपच नाही."

मी लेखणी खाली ठेवली. जो प्रश्न मी आरंभीच विचारायला हवा होता, तो काकूंनी उत्तरासकट माझ्यापुढे ठेवला होता: मागच्या भेटीनंतर काय बदलले?

बदलले होते ते असे. गुरुजींची कन्या कॅनडात, टोरांटोला असते. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडच्या सकाळी दहाला, ती आणि तिची दोन मुले संगणकाच्या पडद्यावर येतात. मोबाइल असताना संगणकच कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला कारण आहे. गुरुजींना ऐकू कमी येते. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात स, श, त यांसारखी बारीक आवाजाची व्यंजने आधी हरवतात. शब्द कानांवर पडतो, पण कळत नाही. अशी माणसे नकळत समोरच्याच्या ओठांकडे पाहून उरलेला शब्द भरून काढतात. मोबाइलच्या चिमुकल्या चित्रात ओठ दिसत नाहीत, मोठ्या पडद्यावर दिसतात. त्यामुळे गुरुजींच्या दृष्टीने तो संगणक श्रवणयंत्राइतकाच महत्त्वाचा होता.

त्या संगणकाची प्रणाली अद्ययावत करावी, अशी सूचना पडद्यावर पुनःपुन्हा येत होती. गुरुजींनी ती एका दुपारी मान्य केली. दोन तासांनी संगणक नव्या रूपात सुरू झाला, पण इंटरनेट गेले. तीन रविवार कोरडे गेले. दरम्यान गुरुजींनी मोबाइलवर 'मदत केंद्र' शोधून सापडलेला एक क्रमांक फिरवला. पलीकडच्या गोड आवाजाने मोबाइलमध्ये एक ॲप घ्यायला आणि नोंदणीचे दहा रुपये भरायला सांगितले. ॲप उतरवल्यावर गुरुजींना शंका आली आणि त्यांनी फोन ठेवला. पैसे गेले नाहीत. पण 'आपण फसणार होतो' ही बोच आणि 'खात्यातून काही गेले तर' ही धास्ती त्यांना रात्री जागवू लागली. मुलीला सांगावे तर लाज वाटत होती. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला 'मला हे जमले नाही' असे म्हणणे किती जड जाते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले.

औषध न वाढवता मी त्यांना आठवडाभर घरी रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितले. ते ॲप माझ्यासमोरच काढून टाकले आणि खात्याचे व्यवहार बँकेत जाऊन तपासून घ्यायला सांगितले. मग येत्या रविवारी सकाळी घरी येतो, असे म्हणालो. मी संगणकतज्ज्ञ नव्हे. परंतु दवाखान्यातील संगणकाने मला पुष्कळ शिकवले आहे, आणि रोग शोधण्याची रीत यंत्रालाही बरीचशी लागू पडते.

पहिली पायरी म्हणजे दुखणे नेमके कुठे आहे, ते ठरवणे. इंटरनेट घरात येते ते तीन टप्प्यांनी: बाहेरची तार, घरातील राउटर आणि संगणक. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे न पाहता खटपट करणे म्हणजे पोट दुखते म्हणून डोक्याला बाम लावणे होय. यासाठी सोपी चाचणी आहे. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा, घरच्या वायफायला जोडावा आणि एखादे पान उघडून पाहावे. डेटा बंद करणे विसरू नये, नाहीतर चाचणी खोटी ठरते. मोबाइलवर पान उघडले तर तार आणि राउटर निरोगी आहेत, दोष संगणकात आहे. पान उघडले नाही तर राउटरकडे पाहावे. फायबरच्या जोडणीत 'एलओएस' या अक्षरांजवळ लाल दिवा असेल, तर बाहेरून संकेतच येत नाही. मग संगणकाशी झटापट न करता जोडणी देणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. दिवे ठीक असतील तर राउटरची वीज बंद करून एक मिनिटाने पुन्हा सुरू करावी. गुरुजींच्या घरी मोबाइल झकास चालत होता. म्हणजे दोष संगणकातच होता.

इथे माझी दुसरी चूक घडली. घाईघाईने मी सेटिंग्जमध्ये जाऊन 'नेटवर्क रीसेट' करून टाकले. हा उपाय खरा आहे, पण तो शेवटचा. त्याने नेटवर्कची सारी मांडणी पुसली जाते आणि साठवलेले वायफायचे पासवर्डही जातात. झालेही तसेच. इंटरनेट आले नाहीच, वर पासवर्ड गेला, आणि तो घरात कुणाला आठवेना. निदानाआधी जालीम औषध दिल्याची शिक्षा मला रविवारी सकाळी मिळाली. पुढे तो पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर सापडला.

मग मी शहाणा होऊन क्रमाने निघालो. बहुतेक घरांत विंडोज प्रणाली असते, म्हणून तिच्याच भाषेत क्रम सांगतो.

प्रथम 'एअरप्लेन मोड' चुकून सुरू तर नाही, हे पाहावे. काही लॅपटॉपवर वायफायची स्वतंत्र कळ असते, तीही तपासावी. त्यानंतर तारीख आणि वेळ बरोबर आहे का, ते पाहावे. ती चुकली असेल तर जोडणी असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. वेगळा अँटिव्हायरस असेल तर तो नव्या आवृत्तीशी जुळणारा आहे का, हेही पाहावे. जुना अँटिव्हायरस कधीकधी साऱ्या वाहतुकीलाच अडवून धरतो.

वायफाय जोडलेले दिसते, पण पाने उघडत नाहीत, अशा वेळी त्या जोडणीच्या गुणधर्मांत 'आयपीव्ही४ पत्ता' पाहावा. घरात तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून संगणकाला पत्ताच मिळालेला नाही, असे समजावे. तेव्हा ते वायफाय 'विसरून' पुन्हा जोडावे आणि राउटर व संगणक दोन्ही एकदा बंद करून सुरू करावेत.

आणि वायफाय हा शब्दच यादीतून नाहीसा झाला असेल तर? गुरुजींच्या संगणकात तेच झाले होते. संगणकातील वायफायचा सुटा भाग आणि प्रणाली यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाचा एक दुभाषा असतो. प्रणाली नवी झाली आणि दुभाषा जुनाच राहिला की दोघांचे बोलणे खुंटते. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' या यादीत पाहावे. तेथे पिवळा त्रिकोण दिसला तर रोगाचे स्थान सापडले. त्या नावावर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल' करावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पुष्कळदा प्रणाली योग्य ड्रायव्हर आपणच बसवते. आमच्याकडे तिने बसवला नाही. मग तो उतरवून घेणे भाग होते, आणि त्यासाठी इंटरनेट हवे! यावर तोड अशी: मोबाइल चार्जिंगच्या तारेने संगणकाला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. संगणकाला मोबाइलचे इंटरनेट मिळते. मग संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, यंत्रामागे लिहिलेला मॉडेल क्रमांक देऊन, ड्रायव्हर घ्यावा. ड्रायव्हर देतो म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नये.

अर्ध्या तासाने वायफायची खूण पडद्यावर उमटली. काहीच जमले नसते तर आणखी एक वाट असते: प्रणाली बदलल्यापासून सहसा दहा दिवसांच्या आत 'रिकव्हरी'मधील 'गो बॅक'ने जुन्या आवृत्तीवर परतता येते. गुरुजींची ती मुदत संकोचात निघून गेली होती. एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहावा आणि मगच पुढचा करावा, एवढे पथ्य मात्र सर्वांनी पाळावे.

त्या संध्याकाळी मी तिथे नव्हतो. काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितले, की नातवाने पडलेला दात दाखवला आणि गुरुजींना तो 'दात' शब्द पहिल्याच खेपेस कळला.

आठवड्याची वही घेऊन गुरुजी आले. आरंभीचे दोन दिवस आकडे चढे होते, नंतर उतरत गेले. सरासरी १३२/८० भरली. घरी मोजलेला रक्तदाब १३५/८५ च्या खाली असला, की सामान्यतः तो ताब्यात आहे असे आम्ही मानतो. गोळी आहे तेवढीच राहिली. दवाखान्यातील त्या एका आकड्यावर मी मात्रा दुप्पट केली असती, तर काळजी ओसरल्यावर रक्तदाब फार उतरून या वयात चक्कर येण्याचा आणि पडण्याचा धोका होता.

यावरून रक्तदाब म्हणजे केवळ मनाचा खेळ, असा अर्थ कृपया काढू नका. स्वतःच्या मनाने गोळी कमी किंवा बंद करू नका. घरी मोजताना आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळा. लघवी करून या. पाठ टेकून पाच मिनिटे न बोलता बसा. दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. रक्तदाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायांत दुबळेपणा असेल, तर पुन्हा मोजत न बसता रुग्णालय गाठा.

घरातील तरुणांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. वडीलधाऱ्यांच्या संगणकाजवळ एक कागद चिकटवा: वायफायचा पासवर्ड, यंत्राचा मॉडेल क्रमांक, जोडणी देणाऱ्याचा बिलावरचा खरा क्रमांक आणि सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १९३०. पैसे गेले असतील तर त्या क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल, तितकी ते थोपवण्याची शक्यता अधिक. दुसरी गोष्ट कागदावर लिहिता येत नाही. 'तुम्हाला काही कळत नाही, उगाच हात लावू नका' हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्या एका वाक्याच्या भीतीने गुरुजी तीन आठवडे गप्प राहिले होते.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्या डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या यादीबरोबर घरात अलीकडे काय बदलले, तेही सांगत जा. आम्ही विचारायला विसरलो, तरी सांगा.