मांजरे हाकलण्याआधी सशाचा पिंजरा पाहा



सोसायटीतल्या मांजरांमुळे पाळलेल्या सशांचा जीव धोक्यात आला आहे, तेव्हा ही मांजरे पकडून लांब नेऊन सोडावीत, अशी मागणी करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. पाठोपाठ आलेले उत्तरही वाचले. मांजर सशाच्या वाटेला जातच नाही, दोघे एकमेकांना बिलगून झोपतात याचे हवे तितके व्हिडिओ सापडतील, असे त्यात म्हटले आहे. मी बरीच वर्षे ससे पाळते आणि आमच्या इमारतीखाली मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्यांतलीही एक आहे. मला दोन्ही पत्रे अर्धीच पटली. सशाला मांजराचा धोका आहे, आणि तो तक्रार करणाऱ्यांना वाटतो त्याहून मोठा आहे. पण त्याचा बंदोबस्त मांजर हाकलून होणार नाही. तो ससा पाळणाऱ्यालाच करावा लागेल.

आधी व्हिडिओंविषयी. लहानपणापासून एका घरात वाढलेली मांजर आणि ससा एकमेकांना सरावतात, हे खरे आहे. चांगला पोसलेला थोराड ससा मांजराच्या अंगावर धावून जातो, हेही मी पाहिले आहे. पण कंपाउंडच्या भिंतीवरून फिरणारा बोका काही तुमच्या सशाबरोबर वाढलेला नसतो. दुकानातून आणलेले पिल्लू किंवा लहान चणीचा ससा जेमतेम किलोभराचा, आणि बोका चार किलोंचा. शिवाय 'आम्ही त्यांना पोटभर घालतो, ती कशाला शिकार करतील?' हा युक्तिवादही टिकत नाही. पोट भरलेले मांजरही हलणाऱ्या वस्तूवर झडप घालतेच.

मांजर सशाची शिकार करते का, याचे उत्तर हवे असेल तर ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या मॅक्वारी बेटाकडे पाहावे. अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या त्या बेटावर माणसांनी आणलेली मांजरे रानटी झाली आणि तिथेच सोडलेल्या सशांवर जगली. २००० सालापर्यंत तिथली मांजरे संपवण्यात आली. त्यानंतर सशांची संख्या भरमसाट वाढली. त्याला कारणे आणखीही होती, पण अखेर ससेही हटवावे लागले, आणि २०१४ मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा मांजर सशाला काही करत नाही, हे म्हणणे सोडून द्यावे.

मात्र आपल्याकडच्या गॅलरीत ससा मरतो तो बहुतेक वेळा मांजराने खाल्ल्यामुळे नव्हे. दोन मजले खाली राहणाऱ्या कुटुंबाकडे घडलेला प्रकार सांगते. सकाळी पिंजरा जागच्या जागी होता, कडी लागलेली होती आणि आत ससा आडवा पडला होता. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. जाळीच्या कोपऱ्यात पांढऱ्या केसांचा पुंजका अडकला होता, पाण्याची बाटली निखळून लोंबत होती आणि पिंजऱ्यावरच्या धुळीत मांजराचे पंजे उमटले होते. 'घाबरून हार्ट बंद पडलं असेल,' असे सगळे म्हणाले. पशुवैद्यांनी सशाच्या पाठीवरून बोटे फिरवली आणि कमरेपाशी मोडलेला मणका दाखवला.

सशाच्या मागच्या पायांत जोर प्रचंड, पण हाडे हलकी. मांजराचा सांगाडा त्याच्या वजनाच्या साधारण १२ ते १३ टक्के भरतो, सशाचा अवघा ७ ते ८ टक्के. भेदरलेल्या सशाने अडचणीच्या जागेत जिवाच्या आकांताने लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडतो. त्यातून वाचला तरी धोका टळत नाही. धसका घेतलेला ससा खाणे सोडतो आणि त्याची आतडी मंदावतात. सशाचे पोट सतत चालू राहावे लागते, दहा-बारा तास काही खाल्ले नाही आणि लेंड्या थांबल्या तर ती तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ असते. त्यामुळे रात्री मांजर येऊन गेले आणि ससा दोन दिवसांनी गेला, तर दोन्ही गोष्टींचा संबंध कुणी लावत नाही.

पाळीव ससा हा मूळ युरोपातल्या, बिळे करून राहणाऱ्या रानसशाचा वंशज. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसते. धोका दिसला की मागचा पाय आपटून बाकीच्यांना सावध करायचे आणि बीळ गाठायचे, एवढीच त्याची युद्धनीती. पिंजऱ्यात त्याला शत्रू चारही बाजूंनी दिसतो, पण पळायला जागा नाही आणि शिरायला बीळ नाही. मांजर आत शिरले नाही तरी काय झाले? ते रात्रभर वरच्या जाळीवर बसून राहिले तरी पुरे. पिंजऱ्याला कडी घालून आपण निर्धास्त झोपतो, आणि सशाची अडचण तिथूनच सुरू होते.

आता मांजरे पकडून नेण्याविषयी. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. एका जागची मांजरे उचलली की खाणे आणि आडोसा तसाच राहतो आणि थोड्या दिवसांत दुसरी मांजरे येतात. समजा, एकही आले नाही, तरी घुशी आहेत, मुंगूस आहे, कावळे आहेत, गावाकडे उदमांजर आहे. पिल्लांना घुशीही सोडत नाहीत. या सगळ्यांना कुठे नेऊन सोडणार?

कायद्याचेही पाहावे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे ही क्रूरता आहे. विष घालून मारले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागू शकते. प्राणिप्रेमी मंडळी या कलमांची आठवण करून देतात, ते योग्यच आहे. पण त्याच कलम ११ मध्ये जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणे हीसुद्धा क्रूरताच ठरवली आहे. आपल्या गॅलऱ्यांतले सशांचे दोन फुटी पिंजरे या कसोटीवर किती टिकतील, याचा विचार तक्रार करणाऱ्यांनी करावा.

उपाय फारसा खर्चिक नाही. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे रात्री ससा घरात घ्यावा. मांजरे भटकतात ती मुख्यतः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे, आणि ससाही जास्त हालचाल करतो ती तिन्हीसांजेला आणि पहाटेच. उन्हाळ्यात तर ससा दिवसाही घरातच हवा, कारण पारा तिशीपलीकडे गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो आणि विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात तो चाळिशी ओलांडतो.

बाहेर ठेवणे भागच असेल तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती पातळ षटकोनी जाळी नको. ती वाकते आणि ससा ती कुरतडतोही. अर्ध्या इंची छिद्रांची वेल्डमेश जाळी घ्यावी, म्हणजे पंजा आत जाणार नाही. वरची बाजू आणि किमान दोन बाजू फळीने बंद कराव्यात. आत अंग आक्रसून बसता येईल असे लाकडी खोके ठेवावे, तेच त्याचे बीळ. तळाला तारेची जाळी नसावी, पाय सोलतात. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर मुळीच विसंबू नये. ती कबुतरे अडवते, पण मांजर तिच्यावर चढते आणि फट शोधते.

हल्ला झालाच तर जखम दिसत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. मांजराचा सुळा सुईसारखा आत जातो, दाट केसांखाली छिद्र दिसत नाही आणि तोंडातले जंतू आत पू करतात. मात्र घरात उरलेली प्रतिजैविके चुकूनही पाजू नयेत. माणसांना सर्रास दिले जाणारे अॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिले तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही दगावू शकतो. सोडवताना तुम्हाला मांजराने ओरबाडले किंवा चावले असेल तर जखम साबणाने धुऊन रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जावे.

आम्ही मांजरांना खाऊ घालणारेही जबाबदारीतून सुटत नाही. खाण्याची जागा गॅलऱ्यांपासून दूर, ठरावीक आणि स्वच्छ हवी, आणि निर्बीजीकरणाशिवाय नुसते खाऊ घालणे म्हणजे दर सहा महिन्यांनी नवी पिल्ले रस्त्यावर आणणे. घरचे मांजर अंधार पडल्यावर मोकळे सोडू नये. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची सूचनाही आमच्या सोसायटीच्या सभेत हिरिरीने मांडली गेली. पक्ष्याला तिचा उपयोग होईल, तो उडून जाईल. कोंडलेल्या सशाला घंटा ऐकू आली तरी तो जाणार कुठे?

सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत ससा येतो. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षे जगतो. तेव्हा तो घेण्याआधी आई-वडिलांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : हा रात्री कुठे झोपणार? उत्तर 'गॅलरीत' असेल तर ससा आणू नये. आणि सोसायट्यांनी मांजरांविरुद्धची तक्रार नोंदवून घेण्याआधी तक्रारदाराचा पिंजरा जाऊन पाहावा. ज्याची जाळी पक्की, आडोसा पुरेसा आणि ससा रात्री घरात, त्याला बोक्याशी भांडत बसण्याची वेळच येत नाही.

– ससे पाळणारी एक वाचक, ठाणे