वृद्धांची संगत आणि ॲपांचे कारागीर

वृद्ध माणसांनीं समाजांत मिळूनमिसळून राहावें म्हणून मोबाईलवर चालणारें एखादें ॲप काढावें, ही कल्पना सध्यां आमच्या विद्यार्थिवर्गांत फार बोकाळली आहे. गेल्या वर्षीं गोंदियांतील एका महाविद्यालयांत अशा आराखड्यांचें परीक्षण करण्याचा प्रसंग आमच्यावर आला. पांच आराखडे पाहिले. पांचांचेंहि रूप एकच. वृद्धानें प्रथम आपलें छायाचित्र चिकटवावयाचें, मग आपल्या आवडी निवडावयाच्या, मग त्याच आवडीचे अनोळखी सोबती पडद्यावर दिसावयाचे, आणि रोज जितका वेळ ॲप उघडें राहील तितके गुण त्याच्या खातीं जमा व्हावयाचे. मुलांची कळकळ खरी होती, श्रमहि खरे होते. परंतु ज्या म्हातारीसाठीं हा सारा खटाटोप, ती त्यांच्या डोळ्यांसमोर एकदांहि आली नव्हती, असें आम्हांस स्पष्ट म्हणावें लागतें.

प्रश्न क्षुल्लक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. २०११ च्या शिरगणतींतच या देशांत साठ वर्षांवरील माणसें दहा कोटींहून अधिक भरलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जगांतील दर सहा माणसांमागें एकास एकटेपणा ग्रासतो, असें म्हटलें आहे. पण तोच अहवाल बारकाईनें वाचणारास एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. एकटेपणाची भावना अधिक आढळते ती तरुणांत. तेरा ते एकोणतीस या वयांत तिचें प्रमाण शेंकडा १७ ते २१ दिलें आहे. वृद्धांविषयीं जो मोठा आंकडा दिला आहे, म्हणजे तिघांत एकापर्यंत, तो भावनेचा नसून समाजापासून तुटण्याचा आहे. एकटें वाटणें ही मनाची अवस्था. माणसांपासून तुटणें ही परिस्थिति. पहिलीस पडद्यावरच्या गप्पांनीं कदाचित् थोडा उतार पडेल. दुसरीवर उपाय एकच, आणि तो म्हणजे माणसांपर्यंत पोंचण्याची सोय. आमचे तरुण कारागीर आपलाच रोग आजीच्या नांवावर मांडून तिला आपलेंच औषध पाजीत आहेत!

देवरी किंवा सालेकसा तालुक्यांतील एखादें खेडें घ्या. तेथील आजीला अनोळखी मित्र नकोच आहेत. तिचीं माणसें ठरलेलीं असतात: माहेरची बहीण, दुसऱ्या गांवीं दिलेली लेक, आणि जिच्या शेजारीं उभें राहून जन्मभर धानाची रोवणी केली ती मैत्रीण. तीं कोठें आहेत हें तिला पक्कें ठाऊक असतें. नसते ती त्यांच्याकडे जाण्याची संधि. दिवाळी झाली कीं आमच्या झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते. घरोघर पाहुणे उतरतात, दंडार होते, रात्रीं नाटक होतें, सोयरिकींच्या गोष्टी निघतात. वर्षभर न दिसलेलीं तोंडें एका दिवसांत दिसतात. परंतु प्रत्येक गांवचा दिवस निराळा. तो दिवस कळविणारा नातू कामासाठीं नागपुरास किंवा हैदराबादेस गेलेला, आणि रात्रीं परत आणून सोडणारें घरांत कोणी नाहीं; म्हणून म्हातारी ओसरीवरच बसून राहते. हिला आवडी विचारून काय साधणार? शिवाय एकट्या वृद्धाच्या फोनवर अनोळखी माणसांची रीघ लावणें म्हणजे ठकांना आमंत्रणच होय, हें आजच्या दिवसांत कोणास सांगावयास नको.

अलीकडे वृद्धांच्या समाजजीवनास खरा हातभार कोणीं लावला असेल तर तो, आमच्या मतें, एस. टी.नें. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस तिच्या गाडींतून फुकट प्रवास करतां येतो, आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांस अर्धें तिकीट पडतें. म्हातारी लेकीकडे जाते ती या जोरावर. उलट ॲपांनीं काय केलें? पेन्शनरास पूर्वीं दर नोव्हेंबरांत हयातीच्या दाखल्यासाठीं बँकेची पायरी चढावी लागे. तेथें जुने सोबती भेटत, कोण राहिलें कोण गेलें याची वार्ता कळे. २०१४ सालीं ‘जीवन प्रमाण’ निघालें, आणि आतां तो दाखला घरबसल्याहि देतां येतो. अंथरुणाला खिळलेल्यांस हें वरदान आहे, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु धडधाकट म्हाताऱ्याचें घराबाहेर पडण्याचें एक निमित्त त्यांत गेलें. विजेच्या बिलाचें तेंच झालें, पैशांच्या भरण्याचेंहि तेंच. एकेक निमित्त काढून घ्यावयाचें, आणि मग करमत नसेल तर हें दुसरें ॲप घ्या म्हणावयाचें, ही तऱ्हा आम्हांस तरी उमगत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हे प्राध्यापक यंत्राचे शत्रु आहेत. तसें नाहीं. आमच्या पूर्वेस लागून असलेल्या छत्तीसगडांत २०१० सालीं शुभ्रांशु चौधरी यांनीं ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलें. साध्या बटणांच्या फोनवरून क्रमांक लावावा, हिंदींत अगर गोंडींत आपलें म्हणणें बोलून ठेवावें, आणि इतरांनीं तें फोनवरच ऐकावें, अशी ती व्यवस्था. लिहिण्यावांचण्याची अट नाहीं. तिचा उपयोग मुख्यतः बातम्या व गाऱ्हाणीं मांडण्याकडे झाला. तोच मार्ग भेटीगांठींकडे कां वळवूं नये? झाडीबोलींत, पोवारींत किंवा गोंडींत आजीनें बोलावें, आणि तिला एवढेंच कळावें: कोणत्या गांवची मंडई कधीं, शेवटची गाडी कितीला, आपल्या ओळखीचें कोण तिकडे निघालें आहे, रात्रीं कोणाकडे उतरतां येईल. फोन घरांतील कोणाचाहि चालावा, कारण अनेक घरांत तो तिचा स्वतःचा नसतोच. आणि गुण मोजावयाचेच असतील तर ॲप किती वेळ उघडें राहिलें यावरून मोजूं नयेत. म्हातारी किती वेळां उंबरठा ओलांडून गेली यावरून मोजावेत.

त्या पांच आराखड्यांपैकीं एकासहि आम्हीं पहिला क्रमांक दिला नाहीं, आणि त्याबद्दल कांहीं सहकाऱ्यांचा रोष पत्करला. विचार करतां दोष मुलांकडे थोडा आणि आमच्याकडे अधिक येतो. इंग्रजी पुस्तकांतला बंद सदनिकेंत एकटा राहणारा म्हातारा आम्हीच त्यांना वर्गांत दाखविला, आणि ओसरीवरची आजी अभ्यासक्रमाबाहेर ठेविली. यंदां परीक्षक म्हणून पुन्हां बोलावणें आल्यास आमची अट एकच राहील. प्रत्येक विद्यार्थ्यानें दिवाळीनंतर एका वृद्ध माणसास त्याच्या पसंतीच्या मंडईस न्यावें, रात्रीं सुखरूप घरीं आणून सोडावें, आणि मगच आराखड्याचा कागद हातांत घ्यावा.