अर्धवट घराची भरपाई कोण देणार?

पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला दोन प्रकारचे व्यापारी चांगले ठाऊक आहेत. एक बाजार समितीच्या आवारात कांदा-टोमॅटोची बोली लावणारा. त्याला समितीचा परवाना लागतो, आणि त्याने पैसे थकवले तर समितीच्या कार्यालयात जाऊन जाब विचारता येतो. दुसरा थेट बागेत येणारा. तो वेलीवरच्या द्राक्षांचा सौदा करतो, थोडी उचल हातावर ठेवतो आणि माल भरून नेतो. बुडवून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या कहाण्या बहुतेक या शिवार खरेदीतल्याच असतात. 2020 साली नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा कुठे काही शेतकऱ्यांना आपले पैसे परत दिसले.

आपले घर बांधणारा ठेकेदार या दुसऱ्या प्रकारात मोडतो. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याचे काम घ्यायचे तर ठेकेदाराला नोंदणी लागते, त्याचा वर्ग ठरतो, अनामत भरावी लागते. नकाशावर सही करणाऱ्या इंजिनिअरकडे परवाना असावा लागतो. पण तुमच्या प्लॉटवर वीस-तीस लाखांचे घर उक्ते घेणाऱ्या माणसाला कुठलाही परवाना लागत नाही. कालपर्यंत सेंट्रिंगवर काम करणारा आज गाडीवर नाव टाकून ठेकेदार होतो. त्यातले कित्येक प्रामाणिक असतात, हेही सांगायला हवे. चांगल्या गवंड्यांच्या हातची घरे पन्नास-पन्नास वर्षे उभी आहेत. पण प्रामाणिक कोण आणि लबाड कोण, हे घरमालकाला कळते ते पैसे गेल्यावरच.

काम कसे अडते, ते पाहा. मटेरियलसकट चौरस फुटाला दर ठरतो. करार बहुतेक वेळा वहीच्या पानावर किंवा नुसता तोंडी असतो. जोत्यापर्यंत काम झपाट्याने होते, स्लॅब पडतो, पेढे वाटले जातात. तोवर ठेकेदाराने झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे उचललेले असतात. वीटकाम, गिलावा, फरशी, नळजोडणी ही वेळखाऊ कामे शिल्लक राहतात आणि त्यांसाठी लागणारा पैसा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. एका घराची उचल आधीच्या घराच्या सिमेंटात आणि मजुरीत घालायची, असा हा व्यवहार चालतो. नवी कामे मिळत राहिली तर चाक फिरते. एखाद्या वर्षी अवकाळीने द्राक्षे गेली, गावात पैसा आटला, नवी कामे थांबली की ते चाक रुततेच. मग मिस्त्री येत नाही, फोन उचलला जात नाही.

मालकाचे नुकसान मात्र तिथे थांबत नाही. बँकेचा हप्ता चालू, भाड्याच्या खोलीचे भाडे चालू, वर उघडे राहिलेले गज पावसात गंजतात. दुसऱ्याचे अर्धवट काम हाती घ्यायला नवा ठेकेदार नाखूश असतो, आणि घेतले तरी दर चढा लावतो. पोलीस ठाण्यात गेले तर ‘हा दिवाणी वाद आहे’ हे ऐकून परतावे लागते. निवृत्तीचे पैसे घरात घातलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटत असेल, याचा विचार कुणी करत नाही.

अनेकांना वाटते की रेरा आहे ना! रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला, पण तो विकण्यासाठी बांधणाऱ्या बिल्डरसाठी आहे. तुमच्याच जागेवर तुमचे घर बांधून देणाऱ्या ठेकेदारापर्यंत तो पोहोचत नाही. इथे उपयोगी पडतो तो ग्राहक कायदा. 1993 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन घरबांधणी ही ‘सेवा’ ठरली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात तेच स्पष्ट केले. तिथेही फ्लॅटचे काम अपुरे होते. त्या अपुऱ्या कामाची किंमत आणि मनस्तापाबद्दल 10 हजार रुपये देण्याचा आदेश कायम झाला, शिवाय मनस्तापाची ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांच्या खिशातून वसूल करायला सांगितले गेले. 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी करणाऱ्या बिंदुमाधव जोशींच्या पिढीने झगडून हा कायदा आणायला लावला, त्याचे चीज अशा निकालांत झाले.

2019 चा ग्राहक कायदा अधिक सोयीचा आहे. पिंपळगावच्या माणसाने नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तो राहतो त्या पत्त्यावरून तक्रार करायची. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही. वकील सक्तीचा नाही. आदेश धुडकावणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान 25 हजारांचा दंड होऊ शकतो.

माझे दुखणे पुढे आहे. आदेश मिळणे आणि पैसे मिळणे यांत मोठे अंतर असते. ठेकेदाराच्या नावावर काहीच नसेल तर जप्ती कशाची करणार? जुन्या कायद्यात आयोग वसुली दाखला देत असे आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करत. नव्या कायद्यात ही वाट गेली, दिवाणी हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी आली. रेराच्या तक्रारदाराला मात्र महसुली वसुलीचा मार्ग आजही खुला आहे. बिल्डरने बुडवलेल्याला तहसीलदार मदतीला आणि ठेकेदाराने बुडवलेल्याने एकट्याने झगडायचे, हा सरळ अन्याय आहे.

अमेरिकेत काही राज्यांनी यावर उपाय काढला. ॲरिझोनात परवानाधारक ठेकेदारांच्या पैशांतून निधी उभा राहतो आणि काम बुडालेल्या घरमालकाला त्यातून 30 हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळते. ठेकेदार परवानाधारक असला तरच, ही त्यातली अट. म्हणून लोक आधी परवाना तपासतात. कॅलिफोर्नियात तर विनापरवाना ठेकेदाराला दिलेले सगळे पैसे परत मागता येतात. हे आपल्याला अशक्य नाही. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर 1996 च्या कायद्यापासून आहेच, आणि ते योग्यच आहे. तसाच ठेकेदारांच्या नोंदणी शुल्कातून घरमालकांसाठी निधी उभारावा. बांधकाम परवानगीच्या अर्जावर नोंदणीकृत ठेकेदाराचे नाव बंधनकारक करावे. मजूर ठेकेदाराला परवडेल इतकेच शुल्क ठेवावे, नाहीतर लहान माणूस बाहेर फेकला जाईल. नाशिक जिल्ह्यातल्या आमदारांनी, पक्ष कुठलाही असो, हा विषय विधिमंडळात मांडावा.

तोवर सरकार घरकुलाचे पैसे देते तसे द्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे 1 लाख 20 हजार रुपये एकदम मिळत नाहीत, कामाचा टप्पा आणि फोटो पाहून हप्ता खात्यात येतो. तुम्हीही कामाच्या पुढे पैसे जाऊ देऊ नका, आणि जे द्याल ते बँकेतून द्या. ज्यांचे काम आधीच अडले आहे त्यांनी आज आहे त्या स्थितीचे फोटो काढावेत, इंजिनिअरकडून झालेल्या व राहिलेल्या कामाचे मूल्यांकन लेखी घ्यावे, ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस धाडावी आणि जिल्हा आयोगात तक्रार दाखल करावी. मुदत 2 वर्षांची आहे. ‘पुढच्या महिन्यात येतो’ या शब्दावर विसंबून ती घालवू नका.