हाडवैद्याकडे जाण्याआधी

वस्तीत कोणी पडले की पहिला सल्ला ठरलेला, "दवाखान्यात कशाला, हाडवैद्याकडे चला." आम्हीही हा सल्ला दिलेला आहे. आता देत नाही.

हाडवैद्याचे नाव होते ते हाड आपोआप जुळते म्हणून. मोडलेल्या जागी रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत मऊ गाठ धरते, पुढे ती टणक होते. लहान मुलाचा हात ३-४ आठवड्यांत, मोठ्यांचे मनगट साधारण ६ आठवड्यांत जुळते. नडगीला ३-४ महिने तरी लागतात. हे काम शरीराचे. पाला, लेप, मालिश यांचे नव्हे. प्लास्टरसुद्धा हाड जुळवत नाही, जागेवर धरून ठेवते एवढेच.

मग भीती कशाची? हाड वाकडे जुळण्याची, आणि त्याहून मोठी भीती आवळून बांधलेल्या कामट्यांची. मूल पडताना हात टेकवते आणि कोपराच्या वरचे हाड मोडते. त्याला लागूनच हाताकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी असते. आत सूज वाढते, वरून पट्टी घट्ट, रक्त पुढे जात नाही. काही तासांत स्नायू मरू लागतात. नंतर बोटे आत वळून आखडतात, ती कायमची. पेन धरायचा हात असा जातो.

म्हणून बांधणारा कोणीही असो, अगदी डॉक्टरांचे प्लास्टर असले तरी, बोटे पाहत राहा. बोटे थंड, निळसर किंवा बधिर झाली, दुखणे वाढतच चालले, बोट सरळ करताच पोर किंचाळले, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी सैल करा आणि रात्रीच रुग्णालय गाठा. प्लास्टर असेल तर तेथे कापून देतात.

घरी करायचे थोडेच. बांगड्या, अंगठी काढा. पुठ्ठा किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र खाली देऊन हात ओढणीने गळ्यात अडकवा. ओढू नका, चोळू नका. हाड बाहेर आले असेल तर स्वच्छ कापड झाकून १०८ ला फोन करा.

लोक अडाणी म्हणून हाडवैद्याकडे जातात, हे आम्हाला मान्य नाही. रांगेत दिवस जातो, मजुरी बुडते. तरी एक्स-रे काढाच. ऑपरेशन सांगितले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत असू द्या.

आणि हो, बिडी-सिगारेटने हाड उशिरा जुळते. खाज सुटली म्हणून प्लास्टरमध्ये झाडूची काडीही घालू नका.