तपासणारा कोण, हे आधी सांगा

वऱ्हाडातल्या कुठल्याही उपकेंद्राच्या ओसरीवर एक तक्रार हमखास कानावर पडते : 'डाक्टर नाही, सुई नाही, सलाईन नाही, निस्त्या गोया देल्या!' आत खुर्चीवर असते समुदाय आरोग्य अधिकारी. आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली, तेव्हापासून गावोगावी हे पद भरले जाऊ लागले. कोणी बीएस्सी नर्सिंग झालेले, कोणी बीएएमएस; त्यावर सहा महिन्यांचे प्रशिक्षण. रक्तदाब मोजणे, बोटातून रक्त घेऊन साखर पाहणे, ठरलेली औषधे देणे आणि गरज पडली तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणे, हे त्यांचे काम. गावकऱ्याच्या लेखी मात्र ही 'डॉक्टरच्या जागी बसवलेली ताई' असते.

या व्यवस्थेवर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे : पुढाऱ्याला ताप आला की नागपूर-मुंबईचा तज्ज्ञ, आणि मेळघाटातल्या धारणीच्या कोरकू बाईला मात्र सहा महिन्यांचा कोर्स. हा उघड दुजाभाव आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या कलम ३२ ने 'सामुदायिक आरोग्य सेवक' या नावाने मर्यादित परवान्याची सोय केली, तेव्हा देशभरचे डॉक्टर याच मुद्द्यावर रस्त्यावर उतरले होते. आक्षेपामागची समतेची तळमळ खरी आहे. पण निष्कर्ष चुकीचा आहे.

कारण सगळ्या आजारांना एकाच पदवीचा माणूस लागतो, हे गृहीतच टिकत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केले. नवजात बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि ठरलेल्या मात्रेत जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हे त्या शिकल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. हे काम एमबीबीएस डॉक्टरची वाट पाहत थांबले असते, तर ती बाळे गेली असती.

इतिहासही आक्षेपकांना साथ देत नाही. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून एलएमपी होऊन निघालेले डॉक्टर दवाखाने चालवत. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशातल्या सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार असे पदवीविना, परवान्यावर काम करणारे होते. सर्वांना एकाच दर्जाचा डॉक्टर मिळावा, म्हणून समितीने हे अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. हेतू उदात्त होता. परिणाम असा की पदवीधर डॉक्टर अमरावती-अकोल्यात राहिला, आणि मेळघाटातले आजारी लेकरू भूमकाकडेच, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडेच जात राहिले.

आणि शहराने तरी कुठे डॉक्टरचाच हट्ट पुरवून घेतला आहे? अमरावती असो की अकोला, खासगी रुग्णालयात रात्री दोन वाजता पेशंटची नाडी पाहणारा कोण असतो, हे नातेवाइकांनी कधी विचारले आहे काय? पाटीवर एमडी, एमएसची नावे आणि ड्यूटीवर बऱ्याच ठिकाणी बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला तरुण. तो बिचारा मन लावून काम करतो. पण बिल पाटीवरच्या नावाने फाडले जाते. म्हणजे गावात सहायक निदान सहायक म्हणून दिसतो. शहरात तो डॉक्टर म्हणूनच खपतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. सरकारी कचेऱ्यांतला युक्तिवाद ठरलेला : नाही मामापेक्षा काणा मामा बरा. हाही तेवढाच घातक. इंग्लंडमध्ये २०२२ साली पायात दुखते आणि धाप लागते म्हणून एक तीस वर्षांची तरुणी दोनदा दवाखान्यात गेली. दोन्ही वेळा तिला डॉक्टरने नव्हे, तर 'फिजिशियन असोसिएट' या सहायक पदावरच्या व्यक्तीने तपासले. फुप्फुसातली रक्ताची गुठळी ओळखली गेली नाही आणि ती दगावली. आपल्याला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नाही, हे तिला माहीतच नव्हते, असे कुटुंबाने सांगितले. पुढे प्रा. जिलियन लेंग यांच्या समीक्षेने जुलै २०२५ मध्ये शिफारस केली, की या पदाचे नाव 'फिजिशियन असिस्टंट' करावे आणि निदान न झालेले रुग्ण त्यांच्याकडे सरसकट पाठवू नयेत.

आपल्याकडचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस. घामाने डबडबलेला, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्याला 'ऊन लागलं' म्हणून सलाईन लावून बसवणारा सहायक त्याचा जीव घेईल. आणि कपडे काढून, अंग धुऊन, लगेच १०८ बोलावणारा सहायक तोच जीव वाचवील. दोघांची पदवी एकच असू शकते. फरक पडतो तो आपली हद्द कुठे संपते हे ठाऊक असण्याने, आणि हद्दीपलीकडे कोणी डॉक्टर खरोखर उभा असण्याने.

म्हणून रुग्णाने अपेक्षा सोडू नये, बदलावी. सुई-सलाईनची अपेक्षा टाकावी. सुई टोचली म्हणजे उपचार झाला, ही समजूत तर डॉक्टरांनीच रुजवली. खारपाणपट्ट्यात, जिथे मूत्रपिंडाच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात, तिथे दर महिन्याला शांतपणे रक्तदाब मोजून गोळ्या चालू आहेत ना हे विचारणारी ताई शंभर सलाईनींहून मोलाची आहे.

पण तीन गोष्टी ठणकावून मागाव्यात. एक, तपासणाऱ्याच्या छातीवर नाव, शिक्षण आणि पद ठळक अक्षरांत असावे. मेळघाटात ते कोरकूतही सांगितले जावे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत उपचार करणाऱ्याची ओळख आणि व्यावसायिक दर्जा जाणण्याचा हक्क नोंदलेलाच आहे. तो रात्रपाळीच्या खासगी रुग्णालयालाही लागू करा. दोन, इथे काय होते आणि काय होत नाही, याची यादी दारावर लागावी. तीन, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर ठरल्या दिवशी यावा आणि फोन केला की मिळावा. त्याचे पद रिकामे ठेवून सहायकाला पुढे करणे ही सोय नव्हे, फसवणूक आहे.

डॉक्टर दाराशी नसला तरी चालेल. पाठीशी नसला तर चालणार नाही. 'डाक्टर कुठी हाय?' हा वऱ्हाडी माणसाचा प्रश्न उपकेंद्रातल्या ताईला विचारून काही उपयोग नाही. तो जिल्हा परिषदेला, आरोग्य खात्याला आणि बिल फाडणाऱ्या रुग्णालयाला विचारला पाहिजे.