वाणीची कसोटी
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. ती पुढे पाठवणारे म्हणतील, आम्हाला ते खरेच वाटले, हेतू मुलांना वाचवण्याचा होता. आणि बुद्धांनी तर चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले आहे, मग आमचा दोष कोणता? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याच बुद्धांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, असे कालाम लोकांना बजावले आणि अभयराजकुमार सुत्तात वाणीला कसोट्या लावल्या: ती खरी हवी, हिताची हवी, वेळ पाहून उच्चारलेली हवी. पडताळा न घेता पाठवणे हीसुद्धा एक निवडच असते. बेसावधपणाला चांगल्या हेतूची ढाल पुरत नाही. राईनपाड्याच्या घटनेच्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. ती आवश्यकच होती, पण अशा मर्यादेने वेग कमी होतो, विवेक येत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. न तपासलेले पुढे न पाठवणे हा आज तिचाच भाग मानायला हवा.