काच पुसणार कोण?

बेलापुरात काय, श्रीरामपुरात काय, नवं घर बांधायला काढलं की हल्ली बाथरूमचा विषय निघतोच. पूर्वी न्हाणीघर, तांब्याचा बंब आणि बसायला पाट, एवढ्यात भागायचं. आता टाइल्स निवडायला बायका स्वतः दुकानात जातात आणि त्याच फेरीत बिनचौकटीचा काचेचा दरवाजा नजरेत भरतो. पाणी एका कोपऱ्यात राहतं, बाकीची फरशी कोरडी. शिवाय दिसतो झकास! हौस जरूर करावी. दिवसभर राबणाऱ्या बाईनं चांगली बाथरूम मागितली, तर बिघडलं कुठं?

पण मैत्रिणींनो, आधी आपलं पाणी आठवा. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस डोलू लागला. पण या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी विहिरी-बोअरचं पाणी क्षारांनी जड झालं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच काचेवर धरणार. रोज रबरी वायपरनं पाणी निपटलं नाही, तर ती काच लवकरच धुरकट दिसेल. आणि ॲसिड मारायचं नाही, बिजागऱ्या खराब होतात. तेव्हा ऑर्डर देण्याआधीच घरात ठरवून घ्या, शेवटी जो आंघोळ करील त्यानं काच पुसायची. मग तो घरातला कर्ता पुरुष का असेना!

काच टफन्डच घ्या. फुटली तरी तिचे धारदार सुळे होत नाहीत, बारीक खडे होतात. मात्र एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून माप टाइल्स बसल्यावरच आणि वर, मध्ये, खाली असं तिन्ही ठिकाणी घ्यायला लावा. दहा मिलिमीटरची काच चौरस मीटरला २५ किलो भरते. हा भार भिंत पेलेल का, हे गवंड्याला विचारा.

आपल्याकडं बाथरूममध्ये धुणंही होतं, दिवाळीचं तेल-उटणंही. बादली-तांब्यानं अंघोळ करणाऱ्या घरात दाराखालच्या फटीतून पाणी बाहेर येणारच. उतार आतल्या बाजूला हवा. दार बाहेर उघडणारं घ्या, म्हणजे आत कुणी पडलं तर पोहोचता येतं. सासूबाईंना धरायला दांडा मात्र भिंतीतच हवा, काचेच्या मुठीला धरून उठायचं नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी तो दांडा बसवा आणि न घसरणारी फरशी घाला. काच पुढच्या दिवाळीला बघू.